अवधाण बसेपर्यंत

सोमवार, १४ ऑक्टोबर. रक्कम एकशे एक रुपये, ठरलेली, न दिलेली. हजर चौघं: मी, माझी बायको, माझी आई आणि आमच्या आळीतली काकी.

ही काकी नात्यातली नाही. आळीतल्या सगळ्यांचीच ती काकी आहे. सत्तरी ओलांडली तरी ओहोटीला माझ्या बायकोसकट आळीतल्या बायकांबरोबर खडकाला चिकटलेल्या शिंपल्या, म्हणजे कालवं, फोडायला जाते आणि कोणाला अवधाण आलं की तेही बघते. त्या संध्याकाळी बायको ओटीवर डावा पाय पुढे करून बसली होती, काकी तिच्या तळव्यावर वाकली होती आणि आई माझ्या मोबाइलची बत्ती धरून उभी होती.

बायकोच्या डाव्या जांघेत गाठ आली होती. सुपारीएवढी, असं आई म्हणाली. मी पाहिली नव्हती. जागाच अशी की बायकोनं आधी आईला सांगितलं, आईनं काकीला, आणि मला सगळ्यांत शेवटी, तेही मोबाइलची बत्ती हवी होती म्हणून.

"हे बघ," काकी म्हणाली. तिनं अंगठ्याखाली दाबलं तशी बायकोनं पाय मागे ओढला. "कालव लागलंय. आत शिंपीचा कच राहिलाय. अवधाण हाय गो, दुसरं काय न्हाय."

अवधाण म्हणजे काय ते आमच्या किनाऱ्यावर पोराटोरांनाही ठाऊक असतं. पायाला काही लागलं, पिकलं, की जांघेत गाठ येते. हाताला लागलं तर काखेत. गाठीला काही करायचं नसतं, जखम शोधायची असते. जखम साफ केली की चार-सहा दिवसांत गाठ आपली आपण बसते. मला स्वतःला लहानपणापासून दहा वेळा तरी अवधाण आलं असेल. शिंगाळा माशाचा काटा, फुटकी बाटली, गंजलेला खिळा, प्रत्येक वेळी काहीतरी सापडलं आणि प्रत्येक वेळी गाठ बसली. ही समजूत खोटी नाही. डॉक्टरही पुढे तसंच म्हणाल्या.

काकीनं सुईनं कच काढला, जखमेत हळद भरली, गाठीवर आंबेहळद आणि रक्तचंदन उगाळून लावायला सांगितलं. मी पैसे काढायला लागलो तर म्हणाली, "आत्ता न्हाय घ्यायचे. गाठ बसली की मी हात लावून बघीन, मग दे."

"किती?"

"एकशे एक. माझी आई सव्वा रुपया घ्यायची. तवा महागाई नव्हती."

मी मच्छीमारांच्या सोसायटीत हिशेब लिहितो. बर्फाच्या लाद्या, डिझेल, होड्यांचं येणं-जाणं. कबूल केलेली रक्कम वहीत मांडायची सवय आहे, म्हणून तारीख लक्षात राहिली.

पायाची जखम भरली. गाठ राहिली.

दिवाळीत काकीनं पुन्हा पाय पाहिला आणि टाचेला चीर सापडली. तिच्यावर मेण आणि तेल झालं. चीर बुजली, गाठ तशीच. मग करंगळीजवळ जुनी खरचट सापडली. कालवं फोडणाऱ्या बाईच्या पायावर जखम शोधली तर सापडणारच, हे आमच्यातल्या कोणाच्या ध्यानात आलं नाही. दर वेळी गाठीला कारण मिळत गेलं आणि कारण मिळालं की आम्ही गप्प बसत गेलो.

"दुखते का?" मी विचारायचो.

"अजिबात नाही," ती म्हणायची, आणि मला तेवढं बरं वाटायचं.

डिसेंबरच्या सुरुवातीला ती अंगणात बोंबील वाळत घालत होती. मी ओटीवरून पाहत होतो. डाव्या पायातली जोडवी बोटात रुतली होती. उजव्या पायातली सैल होती. मी घरातून शिंप्याची टेप आणली.

"काय करताय?"

"पाय मोजतो."

"बर्फाची लादी आहे का मी?"

पण तिनं मोजू दिलं. पोटरीला डावा पाय उजव्यापेक्षा अडीच सेंटीमीटरनं जाड होता, मांडीला साडेतीन. मी दोनदा मोजलं. तिसऱ्यांदा तिनं टेप धरली आणि मी आकडा वाचला. आकडा तोच आला. मी दोन्ही आकडे वहीत मांडले.

आमच्या तालुक्याच्या गावात एक बाई डॉक्टर आहेत. बाई आहेत म्हणूनच बायको यायला तयार झाली. पडद्यामागे तपासणी झाली, मी बाहेर बसलो. मग त्यांनी मला आत बोलावलं.

"कधीपासून आहे?"

"दसऱ्याच्या आधीपासून."

"दुखते?"

"नाही," आम्ही दोघंही एकदम म्हणालो.

त्यांनी लिहिणं थांबवलं. "दुखत असती तर मला जास्त बरं वाटलं असतं."

मग त्यांनी विचारलं की रात्री घाम येतो का. बायको हसली. "डॉक्टर, समुद्राकाठी घाम कोणाला येत नाही?"

"या थंडीत? कपडे बदलावे लागतात का?"

तिनं पदर सारखा केला. मी तिच्याकडे पाहिलं. महिनाभर ती रात्री उठून ब्लाऊज बदलत होती, मला माहीत होतं. वयाचं असेल, पन्नाशी जवळ आली, असं आम्ही दोघांनीही मनात धरलं होतं आणि एकमेकांना विचारलं नव्हतं. वजनही उतरलं होतं. साडीच्या निऱ्या वाढल्या, हे ती कौतुकानं सांगत असे.

डॉक्टरांनी कागदावर पाय काढला. पायातून रक्ताशिवाय आणखी एक पातळ पाणी वर वाहत असतं. जांघेत त्याच्या वाटेवर लसिका ग्रंथींचा पुंजका असतो, तिथं ते गाळलं जातं. पायाला जंतू लागले की तिथल्या पेशी लढतात, वाढतात, गाठ फुगते, दुखते आणि जंतू मेले की ओसरते. "तुम्ही अवधाण म्हणता ते हेच. तुमच्या काकींचं चुकलं नाही. पण ही गाठ रबरासारखी आहे, दुखत नाही, शेजारी आणखी दोन आहेत आणि दोन महिन्यांत ती बसलेली नाही. पायाचं पाणी वर जायला अडतंय म्हणून सूज आहे."

"म्हणजे काय असेल?"

"तपासल्याशिवाय मी नाव घेणार नाही."

पायाच्या शिरांची सोनोग्राफी झाली. रक्ताची गुठळी निघाली नाही. मग गाठीतून सुईनं पाणी काढून तपासलं. त्यात पेशी थोड्या आल्या होत्या आणि शेवटी लिहिलं होतं की नक्की सांगता येत नाही. डॉक्टर म्हणाल्या की टीबीची गाठ असू शकते, लिम्फोमा असू शकतो, म्हणजे या ग्रंथींचाच कॅन्सर. सुईनं चार पेशी मिळतात, पण गाठीची आतली बांधणी बघायची तर एक गाठ अख्खी काढावी लागेल.

त्या आठवड्यात आमच्या घरात टीबी व्हावा म्हणून प्रार्थना चालली होती. आई सकाळी देवापुढे बसून स्पष्ट म्हणायची, "टीबी निघू दे रे बाबा. सहा महिने गोळ्या खाईल." एरवी या आजाराचं नावही तिनं उंबऱ्याच्या आत घेऊ दिलं नसतं.

काकीला कळलं तशी ती तणतणत आली.

"कापायला नेतोस? गाठीला हत्यार लावू नको. हत्यार लागलं की पेटते. हिच्या मावशीचं काय झालं?"

बायकोच्या मावशीच्या पोटात गाठ होती. ऑपरेशन झालं आणि दोन महिन्यांत ती गेली. मी म्हणालो, "काकी, ती उशिरा गेली होती."

"कापलं म्हणून गेली."

"डॉक्टर सांगतात, कापल्यानं पसरत नाही."

"डाक्टरचं काय जातंय? बाई तुझी जाईल."

आई माझ्या बाजूनं बोलेल असं वाटलं होतं. ती भिंतीला टेकून पदराचा काठ मोडत बसली. बायको दोघींकडे बघत होती आणि मला दिसत होतं की तिचं मन मावशीकडे चाललंय. त्या रात्री ती म्हणाली, "टीबीच्या गोळ्या आधी खाऊन बघू या का? लागू पडल्या तर कापायला नको." मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "पाय माझा आहे." 

चार दिवस आम्ही दोघं जेवणापुरते बोलत होतो. दर दिवशी मी पोटरी मोजायला टेप घ्यायचो आणि ती पाय साडीखाली ओढायची.

पाचव्या दिवशी जोडव्याखालचं बोट निळसर दिसायला लागलं. जोडवी निघेना. साबण झाला, तेल झालं. सोनाराकडे जाऊन कापायची वेळ आली आणि तिथं ती अडली. नवरा जिवंत असताना जोडवी कापायची कशी? तिनं मला विचारलं नाही, आईला विचारलं. अगदी हळू विचारलं, पण मी दारातच होतो.

"आई, ह्यांच्या जिवाला काही होणार नाही ना?"

"त्याला काय धाड भरलीय?" आई म्हणाली. "तू तुझं बघ. चांदी कापून घे आणि गाठ पण कापून घे. मी म्हणतेय."

बायको हसली. चार दिवसांत पहिल्यांदा. मग रडली. सोनारानं कात्रीनं जोडवी कापली, तुकडे कागदात बांधून दिले आणि तिथूनच आम्ही डॉक्टरांना फोन केला.

ऑपरेशन जानेवारीत, जिल्ह्याच्या गावी, एका लहान दवाखान्यात झालं. एका तासाचं काम. सर्जननं आधीच सांगितलं होतं की काढलेली गाठ मुंबईच्या लॅबला पाठवायची आहे, त्यांचा माणूस उद्या येईल, पण नातेवाइकानं आजच नेली तर अहवाल लवकर येईल. मी नेतो म्हणालो. आणि न्यायचं म्हणजे काय ते मला कोणी सांगायची गरज नाही असं मला वाटलं. वीस वर्षं बर्फाचे हिशेब लिहिणारा माणूस मी. सकाळीच कारखान्यातून थर्मोकोलची पेटी चुऱ्याच्या बर्फानं भरून आणली होती.

नर्स बरणी घेऊन बाहेर आली आणि पेटीकडे बघत राहिली.

"हे काय?"

"बर्फ."

"कशाला?"

"तीन तास तरी लागतील. ऊन आहे."

"अहो, पापलेट आहे का ते?" तिनं बरणी छातीशी धरली, जणू मी हिसकावून घेणार होतो. "यात औषधाचं पाणी आहे. त्यात काही कुजत नाही. आणि बर्फात ठेवून गोठली तर लॅबवाल्यांना आतलं काही दिसणार नाही. पुन्हा कापायला लागेल तिला. बर्फ नाही, ऊन नाही, सांडायचं नाही, हातातून सोडायची नाही. समजलं?"

मी समजलं म्हणालो. पेटीतला बर्फ दवाखान्यामागे ओतला. बरणीवरचं नाव, वय, "डावी जांघ" हे शब्द दोनदा वाचले. बायकोची लोकरीची टोपी बरणीवर चढवली आणि मुंबईची लाँच धरायला मांडव्याला निघालो.

माझ्या आयुष्यात मी एकही ताजी वस्तू बर्फाशिवाय अर्धा तास सोडलेली नाही. आमच्याकडे लहान मूलही मासा आणला की आधी बर्फ मागतं. आता माझ्या मांडीवर माझ्या बायकोच्या अंगातला तुकडा होता, आणि बरणी माझ्या हातांनी कोमट होत चालली होती. नर्स खरं बोलली हे मला पटलं होतं. पण हाताला पटत नव्हतं. मांडव्याच्या धक्क्यावर सरबताच्या गाडीवर बर्फाची लादी होती आणि मी तिच्यासमोर उभा राहिलो. सरबतवाला म्हणाला, "काय देऊ?" मी म्हणालो, "काही नाही," आणि लाँचमध्ये चढलो.

लाँचवर किहीमहून परतणारी मंडळी होती. पोरं समुद्रपक्ष्यांना वेफर्स फेकत होती. शेजारच्या आजोबांनी टोपीकडे बोट दाखवलं.

"लोणचं का?"

"नाही. औषध आहे."

"काचेच्या बरणीत लोणचंच नेतात हो. घरचं असेल तर थोडं द्या." ते स्वतःच हसले. मीही हसलो असेन. मग मी खिडकीकडे वळलो आणि टोपी थोडी वर करून पहिल्यांदा आत पाहिलं. सोललेल्या ओल्या सुपारीसारखी गाठ होती, पांढुरकी, गुळगुळीत. महिनाभर जिच्यामुळे घरात कोणी नीट जेवलं नव्हतं, ती एवढीच होती. तिच्यात काय होतं ते पाहून कळण्यासारखं नव्हतं.

लॅबच्या खिडकीवरच्या माणसानं बरणी उचलून उजेडात धरली, झाकण तपासलं, नाव जुळवलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो.

"ठीक आहे," तो म्हणाला. "कशात आणली?"

"हातात."

"बरोबर."

बाहेर आल्यावर मी फुटपाथवर बसलो. 

अहवाल येईपर्यंत दोन आठवडे गेले, कारण पहिल्या तपासणीनंतर आणखी रंग चढवून दुसऱ्या तपासण्या झाल्या. टीबी नव्हता. लिम्फोमा होता. आईनं देवापुढचा दिवा लावला, पण त्या दिवशी काही मागितलं नाही.

मुंबईच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात आमच्या वाट्याला एक तरुण डॉक्टर आला. त्यानं खुर्ची ओढून बायकोसमोर ठेवली आणि माझ्याशी न बोलता तिच्याशीच बोलला, हे मला आवडलं.

"तुमच्या शरीरात जंतूंशी लढणाऱ्या पेशी असतात. त्यांचा मुक्काम या गाठींमध्ये असतो. त्यातलीच एक पेशी बिघडली आणि थांबायचं विसरली. तिच्यासारख्या हजारो झाल्या. जंतू नाहीत, लढाई नाही, तरी फौज वाढत चाललीय. त्याला लिम्फोमा म्हणतात."

"पायाला लागलं, पिकलं, त्याच्यामुळे झालं?" तिनं विचारलं.

"नाही."

"कालवं खाऊन?"

"नाही."

"लेप लावला म्हणून?"

"त्यानंही नाही. तुम्ही काही केलं म्हणून झालेलं नाही. कशानं झालं हे मला सांगता येणार नाही."

माझ्या मामाची खारजमीन आहे. बांधाला उघाडी असते, लाकडी झडप. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर जातं, भरतीला झडप आपोआप मिटते. ती राखायला माणसं असतात. डॉक्टर बोलत असताना मला ती उघाडी दिसत होती. अवधाणात पाण्यातून काही वाईट आलेलं असतं म्हणून राखणदार झडपेशी गोळा होतात आणि काम झालं की घरी जातात. इथं राखणदारच झडपेत ठाण मांडून बसले होते. मागचं पाणी तुंबलं होतं, म्हणजे पाय सुजला होता. आणि आम्ही दोन महिने शेतात खड्डा शोधत होतो.

सगळ्या अंगाचा स्कॅन झाला. जांघेत आणि ओटीपोटात आतल्या बाजूला गाठी होत्या. त्याच्या वर काही नव्हतं. डॉक्टर म्हणाला की हा वेगानं वाढणारा प्रकार आहे, पण वेगानं वाढणाऱ्या पेशींवर औषध चांगलं चालतं. पूर्ण बरं करायचं याच हेतूनं उपचार करायचे आहेत.

मी विचारलं, "टक्के किती?"

"आकडा सांगितला तर तुम्ही रोज तोच मोजत बसाल," तो म्हणाला. मी कोण, काय काम करतो, हे त्याला कोणी सांगितलं कोण जाणे. "तीन डोसांनंतर पुन्हा स्कॅन करू. तेव्हा गाठी औषधाचं ऐकतायत की नाही ते दिसेल."

सहा डोस, दर तीन आठवड्यांनी एक. त्यांचा खर्च वेगळा मांडलेला आहे, तो इथं लिहीत नाही.

पहिल्या डोसानंतर केस गेले. सुक्या मासळीचा वास तिला सहन होईना, तेव्हा आमच्या अंगणात त्या वर्षी बोंबील वाळले नाहीत. आळीत सगळ्यांच्या अंगणात वाळत होते, त्याला इलाज नव्हता. ती खिडक्या लावून बसायची. ओहोटीला बायका खडकावर निघाल्या की त्यांचे आवाज यायचे. काकीचाही यायचा. काकी आमच्या घरी येत नव्हती. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर ती आली असती तर मीच काहीतरी लागट बोललो असतो.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की औषधानं चांगल्या पेशीही कमी होतात. या काळात ताप शंभरच्या वर गेला तर घरी थांबायचं नाही. आणि पायाला जखम होऊ द्यायची नाही, कारण आता ती बरी करणारं कोणी आत उरलेलं नसेल. म्हणून रोज संध्याकाळी मोबाइलची बत्ती घेऊन तिचे तळवे बघायचं काम माझ्याकडे आलं. आधी जी जखम सापडली की आम्हाला हायसं वाटायचं, ती आता सापडू नये म्हणून मी बघत होतो.

दुसऱ्या डोसानंतर नवव्या दिवशी सापडली. डाव्या अंगठ्याला, तांदळाएवढी. अंगणात कोणाची तरी कालवाची शिंपी पडली होती. मी थर्मामीटर लावला. एकशे एक.

"एकशे एक," मी म्हणालो. आईनं माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघांनाही तो आकडा दुसऱ्या कशावरून तरी आठवला.

"काढा देते, उतरेल," आई म्हणाली.

"नाही."

"वाटेत जास्त त्रास होईल तिला."

"आई, नाही."

शेजारच्या टेम्पोवाल्याला हाक मारली. तालुक्याच्या डॉक्टरांनी मुंबईला फोन करून शिरेतून औषध सुरू केलं. तपासणीत पांढऱ्या पेशी इतक्या कमी होत्या की त्यांनी कागद मला दाखवला आणि लगेच परत घेतला. तीन दिवस ताप चढत-उतरत राहिला. बायको एकदा डोळे उघडून म्हणाली, "जोडव्याचे तुकडे कुठे ठेवलेत?" मी म्हणालो, "कपाटात." ती म्हणाली, "मग ठीक आहे." चौथ्या दिवशी ताप उतरला.

तीन डोसांनंतरच्या स्कॅनमध्ये गाठी औषधाचं ऐकत होत्या. पुढचे तीन डोस झाले. शेवटचा डोस भर पावसाळ्यात पडला. लाँच बंद होत्या, एसटीनं जाऊन आलो. शेवटचा स्कॅन होड्या पुन्हा पाण्यात लोटायच्या सुमाराला झाला. तरुण डॉक्टरनं पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. आधीच्या चित्रात जांघेत दिवे लागल्यासारखं दिसत होतं. दुसऱ्यात तिथं अंधार होता.

"आत्ता काही दिसत नाही," तो म्हणाला. "पण येत राहायचं. पहिली दोन वर्षं मला जास्त काळजी असते." पायाची सूज थोडी राहील, घट्ट मोजे घालावे लागतील. पोटरीला आता फरक एक सेंटीमीटरचा होता.

घरी आल्यावर बायकोनं पिशवीही खाली ठेवली नाही. "काकीचे पैसे द्यायचे राहिलेत."

"कशाचे?"

"गाठ बसली."

"तिच्या लेपानं बसली का? तिचं ऐकलं असतं तर…"

"गाठ बसली की द्यायचे असं ठरलं होतं. कशानं बसली तर द्यायचे, हे ठरलं नव्हतं. तुमच्याच वहीत बघा."

वही बघायची गरज नव्हती. आईनं मला काकीला बोलवायला पाठवलं. काकी दारात उभी राहिली, आत येईना. उन्हानं रापलेले तिचे हात पदरात गुंडाळलेले होते.

"मला नको पैसे," ती म्हणाली. "माझं अवधाण न्हवतं ते."

"हात लावून बघ," बायको म्हणाली. "तू म्हणाली होतीस ना, हात लावून बघीन."

"डाक्टरनं बघितलं ना?"

"तू बघ."

बायको आतल्या खोलीत खाटेवर आडवी झाली. मी दाराबाहेर थांबलो, पण आईनं पडदा ओढला नाही. काकीनं साडीवरूनच हात ठेवला. बोटं हळूहळू सरकत होती, थांबत होती, पुन्हा सरकत होती. मुंबईला पडद्यावर चित्र लागलं तेव्हा मी उभा होतो. इथं मी चौकट धरली.

बोटं एका जागी थांबली.

"हे काय लागतंय?"

काकीनं पुन्हा दाबलं. बायकोनं स्वतःची बोटं तिथं नेली आणि चाचपली.

"टाक्यांचा वण आहे तो. कापलं तिथला."

काकीनं वण बोटांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिला. मग त्याच्या वर, त्याच्या खाली, मग उजव्या बाजूलाही, जिथं कधी काही नव्हतं. बराच वेळ लावला तिनं.

"न्हाय," ती म्हणाली. "काय लागत न्हाय. बसली."

मग ती बायकोच्या पायांशी गेली आणि मोजा खाली सरकवून सवयीनं तळवा बघायला लागली.

मी शंभराची एक नोट आणि एक रुपयाचं नाणं दिलं. एकशे एक रुपये, काकीला. तिनं घेतले.